पुण्याचं पाणी आणि उजनीवरचे तीन दिवस

शुक्रवार रात्र

रात्री साडेनऊला हडपसरच्या उड्डाणपुलाजवळ आमचा टेम्पो उभा होता. टपावर आठ कयाक, त्यांच्यावर आडवी बांधलेली डिंगीची डोलकाठी आणि तिच्या टोकाला लाल फडकं. जाणारे-येणारे थांबून विचारत होते, "समुद्रावर निघालात का?" आम्ही "उजनीला" म्हटलं की त्यांचा चेहरा जरा पडायचा. एक रिक्षावाले काका मात्र म्हणाले, "मग एवढं टेम्पोत कशाला भरलंय? नदीत सोडायच्या होड्या. पाणी तिकडंच जातंय की."

काका बरोबर बोलत होते. खडकवासल्यातून सुटलेली मुठा शहरातून वाहत संगमावर मुळेला मिळते. पुढे मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेत शिरते आणि भीमा दौंडवरून खाली उजनीत उतरते. मी वल्हं पहिल्यांदा हातात धरलं ते संगमाजवळ, इंजिनिअरिंग कॉलेजच्या बोट क्लबवर. रेगाटासाठी, म्हणजे कॉलेजच्या होड्यांच्या कार्यक्रमासाठी, सराव करताना तळहाताला आलेले फोड मला अजून आठवतात. ज्या पाण्यात मी शिकले, ते पुढं कुठं जातं हे नकाशावर माहीत होतं, पण डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. म्हणून २६ जानेवारी सोमवारी येतेय आणि आता मी ज्यांच्यासोबत वल्हवते त्या आमच्या क्लबची तीन दिवसांची सहल उजनीवर ठरतेय असं कळल्यावर मी सगळ्यात आधी नाव दिलं.

आम्ही सतरा जण होतो. पाच दुहेरी कयाक, तीन एकेरी, एक शिडाची डिंगी आणि सोबतीला मच्छीमार तात्यांची इंजिनाची फायबरची होडी. तात्या पळसदेवचे. आमच्या म्होरक्या ताई, वय पासष्टच्या पुढं. तीस वर्षं पाण्यावर काढलेल्या या बाईंनी निघण्यापूर्वीच दोन गोष्टी बजावल्या. पाण्यावर असेपर्यंत लाइफ जॅकेटचा एकही पट्टा सैल करायचा नाही, आणि थांबायचं असं त्या म्हणाल्या की वाद काठावर गेल्यावर घालायचा.

यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ. साडेबाराला भिगवणच्या पुढं कुंभारगावात पोहोचलो आणि एका शेतकऱ्याच्या पडवीत आडवे झालो.

शनिवार

पहाटे साडेपाचला काठावर गेलो तेव्हा पाणी दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. जानेवारीतली थंडी, त्यात पाण्यावरून येणारा गारवा. दोन कानटोप्या घालूनही दात वाजत होते. मग हळूहळू धुकं उचललं आणि समोर आलेलं पाणी बघून आमच्यातले नवे सदस्य एकदम गप्प झाले.

आम्ही सराव करतो पानशेतला. पानशेतची क्षमता १०.६५ टीएमसी. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चारही धरणं मिळून साधारण २९ टीएमसी होतात, आणि जवळजवळ अख्खं पुणे त्याच्यावर जगतं. उजनी एकटी ११७ टीएमसीची. एक टीएमसी म्हणजे जवळपास २,८३१ कोटी लिटर. कागदावर हे आकडे मी कितीदा वाचले असतील, पण समोरचा काठ नीट दिसेना तेव्हा कुठं ते अंगाला भिडले. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. भिंत खाली सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात आहे. पाणी मात्र मागं इंदापूर, करमाळा, कर्जत, दौंड अशा चार तालुक्यांत पसरलेलं. जलाशयाचं नाव यशवंतसागर, पण काठावर ते नाव कुणाच्या तोंडी नाही. इथं सगळे "धरण" म्हणतात किंवा नुसतंच "पाणी".

सातला होड्या पाण्यात लोटल्या. पहिला अर्धा तास फार सावकाश गेला, कारण काठालगत पाइपांचं जाळं होतं. उसाला पाणी उपसणाऱ्या मोटारींचे काळे पाइप पाण्याखाली वीतभर खोल पसरलेले असतात. सुकाणू त्यात अडकलं की कयाक जागेवर गर्रकन फिरते. पाइप संपले की वेड्या बाभळींचे बुडालेले शेंडे. तात्या पुढं उभं राहून हातानं दिशा दाखवत होते आणि आम्ही एकामागं एक, मुंग्यांसारखे.

मोकळ्या पाण्यात आलो तेव्हा उजेड झाला होता. डावीकडं चिखलाच्या पट्टीवर चित्रबलाक, शराटी आणि राखी बगळे आपापल्या जागा धरून उभे. पट्टकदंबांचा एक थवा आमच्या डोक्यावरून गेला. हिमालय ओलांडून येणारे हे पक्षी इतके खालून गेले की पंखांचा आवाज ऐकू आला. सगळ्यांचे डोळे शोधत होते रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. ते काही दिसले नाहीत. तात्या म्हणाले, "औंदा पाणी लय हाय. रोहितला गुडघाभर पाणी आन चिखल लागतोय. पाणी उतरलं की येतील." आमच्यातली एक मुलगी खास कॅमेरा घेऊन आली होती, ती हिरमुसली. मला मात्र ते ऐकून बरं वाटलं. धरण भरलेलं आहे म्हणून पक्षी उशिरा येणार, ही तक्रार करण्यासारखी गोष्ट नव्हे.

पाण्याचा रंग मात्र उजेड वाढला तसा नजरेत येऊ लागला. हिरवा. झाडाचा हिरवा नव्हे, रंगाच्या डब्यात ब्रश धुतल्यावर पाणी होतं तसा. वल्हं वर काढलं की पात्यावर बारीक हिरवे कण चिकटून येत. एका खाचेत जलपर्णी इतकी दाटली होती की तिच्यावर बगळा चालत होता. पानशेतला दुपारी तोंडावर ओंजळभर पाणी मारायची माझी सवय आहे. इथंही हात आपोआप पाण्यात गेला आणि वास आल्यावर थांबला. तो वास मला परका नव्हता. पावसाळ्याआधी संगमाच्या पुलावर यायचा तोच, फक्त पातळ झालेला.

मी तात्यांना विचारलं, हे नेहमीच असं असतं का. ते पटकन बोलले नाहीत. आम्ही पाहुणे होतो, त्यात पुण्याचे. मग म्हणाले, "वरनं तुमच्या गावाचं पाणी यतंय, त्यात सगळंच यतंय. आमच्या बाच्या वक्ताला जाळ्यात धा-बारा जातीचा मासा यायचा. आता चिलापी जास्ती. चिलापी कुठंबी जगतीय." त्यांनी हे रागानं म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ते मला समजावून सांगत होते, जसं एखाद्याला त्याच्याच घरचं काही माहीत नसावं. आमच्या टेम्पोत प्यायच्या पाण्याचे वीस लिटरचे सात जार होते. पाण्यावर तीन दिवस राहायला निघालेली माणसं पाणी घरून घेऊन आली होती. बोट क्लब रोडवरचा क्लब १८६८ सालचा, म्हणजे पुण्याला नदीत वल्हवायची हौस दीडशे वर्षांहून जुनी आहे. तेवढ्या वर्षांत आपण त्या नदीला हे करून ठेवलं, याची लाज मला त्या दुपारी वाटली आणि अजून वाटते.

दुपारी एका उंचवट्यावर भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा खाल्ला. मागं लांब पुणे–सोलापूर मार्गाचा रेल्वे पूल दिसत होता आणि एक मालगाडी त्यावरून सावकाश जात होती. पाण्यावरून तिचा आवाज गाडी दिसेनाशी झाल्यावरही येत राहिला.

नंतर वारा पूर्वेचा, म्हणजे थेट तोंडावर. डिंगीतल्या दोघांना त्याचा फायदा घ्यायचा तर सतत वळणं घ्यावी लागत होती. त्यांनी आमच्या दुप्पट अंतर कापलं असेल, पण शिडाची होडी वाऱ्याविरुद्ध कशी चढते हे नव्यांना त्या दिवशी नीट कळलं. आम्ही वल्ह्यांवरच. साडेचारला पळसदेवच्या काठाला लागलो तेव्हा घड्याळातलं अंतर १७ किलोमीटर होतं आणि माझे खांदे माझे राहिले नव्हते.

तात्यांच्या घरी चिलापीचं कालवण, रव्यात घोळून तळलेले तुकडे, ज्वारीची भाकरी. मावशी चुलीपुढून उठेचनात. "अजून एक घ्या, वल्हवून आलाय," एवढंच त्यांचं म्हणणं. जेवणानंतर तात्यांनी गावाची गोष्ट सांगितली. आताचं पळसदेव हे वर आलेलं गाव. जुनं गाव पाण्याखाली आहे. त्यांच्या वडिलांचं घर, पार, तालीम, सगळं. पळसनाथाचं जुनं मंदिरही तिथंच, देवाला मात्र वर आणून नवं देऊळ बांधलं.

"२०२४ ला पाणी मायनसमधी गेलं ना, तवा म्या नातवाला घेऊन गेलो," ते म्हणाले. उजनीचं हे गणित बाहेरच्याला चटकन कळत नाही. ११७ टीएमसीतलं जवळपास ६४ टीएमसी पाणी मृत साठा आहे, म्हणजे शून्य टक्के झालं तरी निम्म्याहून अधिक पाणी धरणात असतं. त्याच्या खाली पातळी गेली की टक्केवारी उणे होते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे ६० टक्क्यांच्या आसपास गेली होती. शेतकरी मोटारी आणि केबली पाण्यामागं खाली खाली नेत होते, चाऱ्या खोदत होते. आणि त्याच दिवसांत बुडालेलं मंदिर उघडं पडलं, जुन्या घरांची जोती वर आली. "आमचा उंबरा सापडला," तात्या म्हणाले. "नातवाला म्हनलं, ह्याच्यावर पाय देऊ नगो, वलांडून जा." मावशींनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. बराच वेळ कुणी बोललं नाही.

रविवार

ताईंनी पाचलाच उठवलं. वारा सुटायच्या आत मंदिरावरून जायचं होतं.

पाणी काचेसारखं स्थिर. तात्यांनी इंजिन बंद करून वल्हं घेतलं, त्यामुळं आमच्या पात्यांची टपटप तेवढी ऐकू येत होती. साधारण वीस मिनिटांनी ते थांबले. पाण्यावर काहीच खूण नव्हती. "हितं," ते म्हणाले, "हितं जाळं अडकतंय." काठावरचं एक झाड आणि लांबचा मोबाइल टॉवर एका रेषेत आणून त्यांनी जागा धरली होती. नायलॉनच्या दोरीला बांधलेला दगड त्यांनी सोडला. एका ठिकाणी दोरी बरीच आत गेली. होडी दोन हात सरकवून पुन्हा सोडली, तर दगड लवकर टेकला. खाली काळ्या दगडाच्या भिंती, त्यावर विटांचं शिखर. इतकी वर्षं पाण्यात, दर काही वर्षांनी बाहेर येऊन ऊन पाहायचं आणि पुन्हा आत जायचं.

आम्ही सोळा-सतरा जण त्या जागेभोवती होड्या लावून थांबलो. कुणी सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांनी वल्ही मांडीवर आडवी ठेवली. एका मुलानं डोक्यावरची टोपी काढली. तात्यांनी पाण्याला हात लावून कपाळाला लावला, मग मीही लावला. काल ज्या पाण्याचा वास घेऊन हात मागं घेतला होता, तेच पाणी.

तिथून पुढं कळाशीपर्यंत जायचं होतं. हा पट्टा रुंद आहे. समोरचा काठ करमाळा तालुक्याचा, तिथं कुगाव. दोन्ही काठांची नाती, शेतं, बाजार एकमेकांत गुंतलेले, पण रस्त्यानं जायचं तर फार लांबचा वळसा. म्हणून माणसं होडीनं ये-जा करतात, मोटारसायकलीसकट. शिरसोडी–कुगाव पूल मंजूर झालाय, तो होईल तेव्हा इथल्या बायाबापड्यांचा जीव भांड्यात पडेल.

साडेदहाला पूर्वेकडून वाऱ्याची एक झुळूक आली, मग दुसरी. पाण्यावर आधी काळसर सुरकुत्या उठल्या आणि पंधरा मिनिटांत त्यांच्या माथ्यांवर पांढरा फेस दिसायला लागला. समुद्रावरची लाट लांब असते, तिच्यावर चढून उतरता येतं. धरणातली लाट आखूड आणि उभी. एक पचवेपर्यंत दुसरी नाकावर येते. आमच्या पुढच्या एकेरी कयाकमधला मुलगा एकदा आडवा झाला, सावरला. ताईंनी शिट्टी मारली. एक लांब, म्हणजे थांबा. मग हात उजवीकडं, म्हणजे काठाला चला.

मला ते पटलं नाही. पुढचं टोक दिसत होतं, माझ्या अंदाजानं चाळीस मिनिटांचं अंतर. आमच्यातले निम्मे तरी सहज गेले असते. काठाला लागल्याबरोबर मी ताईंना तसं बोलले, आणि जरा आवाज चढवून बोलले. त्यांनी जॅकेटचे पट्टे न सोडता शांतपणे ऐकून घेतलं. उत्तर तात्यांनी दिलं. समोरच्या पाण्याकडं बोट दाखवून म्हणाले, "ती होडी हितनंच पल्याड उलाटली, बाई."

२१ मे २०२४. संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली होडी अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले, एक पोहत काठाला लागला. बातमी मी तेव्हा पुण्यात वाचली होती आणि पान उलटलं होतं. तात्या शोधायला गेलेल्या होड्यांमध्ये होते. त्यांनी पुढं काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी ताईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुला दिसत होतं ते टोक. मला सगळ्यात मागची होडी दिसत होती." मागच्या होडीत दोघी नव्या मुली होत्या. त्यातल्या एकीचे हात थरथरत होते आणि ती ते कुणाला दिसू देत नव्हती. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि तिच्या हातात गुळाचा खडा दिला.

पाच तास थांबलो. वाया गेले असं मात्र म्हणवत नाही. ज्यांच्या शेतात शिरलो होतो ते आजोबा आधी रागानं आले आणि होड्या बघून हसायला लागले. त्यांच्या बांधाला ज्वारीचा एक तुकडा राहिला होता, उसाच्या समुद्रात बेटासारखा. गोवऱ्यांची आगटी पेटली, कणसं भाजली, आजोबांनी गरम कणसं हातावर चोळून हुरडा पाडला. शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. पुण्याजवळ हुरडा पार्टीला पैसे मोजून जातात, तिथं असा ओला, गोड, धुराचा वास लागलेला हुरडा मी खाल्लेला नाही. आजोबा विचारत होते, "खडकवासल्यात औंदा पाणी किती हाय?" नेमकी टक्केवारी आमच्यातल्या एकालाही सांगता आली नाही. त्यांना मात्र पावसाळ्यातला बंडगार्डनचा आणि दौंडचा विसर्ग क्युसेकमध्ये पाठ होता. कोणत्या साली कोणत्या तारखेला धरण भरलं हे ते नातवंडांच्या वाढदिवसासारखं सांगत होते.

चारनंतर वारा पडला. ताईंनी दोघी नव्या मुलींना तात्यांच्या होडीत घेतलं आणि रिकामी कयाक दोरीला लावली. मुलींना वाईट वाटलं, पण त्या काही बोलल्या नाहीत. सूर्य पाण्याला टेकत असताना कळाशीच्या काठाला लागलो. हिरवं पाणी त्या वेळी तांब्यासारखं झालं होतं आणि सुरय पक्षी त्यात सूर मारत होते. रात्री शाळेच्या व्हरांड्यात झोपलो, तशी परवानगी आधीच घेतली होती.

सोमवार

सकाळी शाळेतच झेंडावंदन. मुलांनी पांढरे सदरे घातले होते. शिक्षिकेनं आम्हाला रांगेत उभं राहायला सांगितलं, मग मुलांसाठी दोन शब्द बोलायला. ताईंनी भाषण केलं नाही. त्यांनी लाइफ जॅकेट मागवलं, एका चौथीतल्या मुलाला घातलं आणि पट्टे कुठल्या क्रमानं आवळायचे, पायांमधला पट्टा का महत्त्वाचा, जॅकेट वर सरकलं तर काय होतं, हे दाखवलं. मुलांनी हसत-खिदळत एकमेकांना घालून पाहिलं. यातली बरीच मुलं आजोळी होडीनंच जातात. आमच्याकडची दोन लहान मापाची जॅकेटं आम्ही तिथंच ठेवली. दोन म्हणजे काहीच नाही, हे कळत होतं. पुढच्या वेळी आणखी आणायची यादी ताईंनी तिथंच वहीत लिहिली.

नंतर शेवटचं तासभर वल्हवणं. वारा अजून उठला नव्हता. त्या दोघी मुली आज पुन्हा आपल्या कयाकमध्ये, सगळ्यांच्या पुढं. दहाला होड्या बाहेर काढल्या, धुतल्या, टेम्पोवर चढवल्या. कयाकच्या बुडाला हिरव्या रेघा बसल्या होत्या, त्या घासूनही पूर्ण गेल्या नाहीत.

निघताना तात्यांनी माझा नंबर मागितला. म्हणाले, "पावसाळ्यात तुमच्या हितं नदी भरली की एक फोन करा. टीव्हीवर सांगत्यात, पर तुमी डोळ्यानं बघून सांगा. पानी कसंय तेबी सांगा." मी कबूल केलं. त्यांना नाव नीट लिहिता येईना, म्हणून नातवानं फोन हातात घेतला आणि माझ्याकडं न बघताच टाइप केलं. मी वाकून पाहिलं. माझा नंबर "पुणे पाणी" या नावानं सेव्ह झाला होता.